दोरा गुंडाळला की लगेच इपॉक्सी नको

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गळाचा रॉड कसा बनवायचा असा पानभर लेख होता. फोटो छान, भाषा सोपी, आणि ह्या विषयावर मराठीत कोणीतरी लिहिलं ह्याचाच आधी आनंद झाला, कारण बडोद्यात हा छंद असलेली माणसं शोधून काढावी लागतात. आमच्या दांडियाबाजारात जिन्यातून लांब काठी घेऊन उतरलं की कोणीतरी विचारतंच, "काका, तमे माछली पकडो छो?" आणि मी मासा परत पाण्यात सोडतो म्हटलं की तो अजूनच गोंधळतो, खायचा नाही तर पकडता कशाला. असो. लेख चांगलाच होता, पण त्यात शेवटाकडे असं आलंय की गाइडवर दोरा गुंडाळून झाला की वरून इपॉक्सी लावायचं आणि रॉड तयार. ह्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, तुम्हाला हवं तिथे कापा पण मधला ज्योतीचा भाग कृपा करून कापू नका.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉडची जी नुसती काठी असते तिला ब्लँक म्हणतात, ती फायबरग्लासची किंवा कार्बनची, काही हौशी लोक अजून बांबूची करतात. तिच्यावर लाइन जायला ज्या कड्या बसवतात त्या गाइड, अगदी टोकाची ती टिप टॉप. टिप टॉप चिकटवतात, पण बाकीच्या गाइडना ना स्क्रू ना खिळा, त्यांचे चपटे पाय ब्लँकवर ठेवायचे आणि वरून दोऱ्याचे वेढे शेजारी शेजारी लावत जायचे. गाइड जागेवर धरून ठेवतो तो दोराच. त्यावर दोन बाटल्यांतलं इपॉक्सी मिसळून लावलं की सुकल्यावर चकचकीत पारदर्शक थर होतो.

आता पुष्कळ जणांचा समज असा की हा थर सगळं झाकून टाकेल, थोडी फट राहिली तर भरून निघेल, एखादं कुसळ उभं असेल तर खाली दबेल. होतं बरोबर उलटं. थर बाहेरून फुगीर असतो म्हणजे ते एक भिंगच झालं, त्याखालची बारीक फट मोठी होऊन दिसते, आणि उभ्या कुसळाच्या अंगाने इपॉक्सी वर चढतं आणि सुकलं की तिथे काटा तयार होतो, बोट फिरवलं तर टोचतो आणि उन्हात धरला की लांबूनही दिसतो. आणि एकदा सुकलं की मागे जाता येत नाही. गरम करा, पात्याने चिरा, सगळा दोरा काढून टाका आणि पहिल्यापासून सुरू करा, तेसुद्धा ब्लँकला ओरखडा न पाडता. त्यापेक्षा गुंडाळणं आणि इपॉक्सी ह्यांच्यात एक अख्खी संध्याकाळ फक्त दोरा साफ करायला ठेवायची, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

मी इथल्याच एका मिलमध्ये सुताच्या खात्यात होतो, मिल बंद होऊन जमाना झाला, पण लव, म्हणजे धाग्याबाहेर आलेले बारीक तंतू, काय चीज असते हे तिथे डोळ्यात बसलं ते कायमचं. चांगलं सूत हवं असेल तर मिलमध्ये गॅसिंग करतात, म्हणजे धागा गॅसच्या ज्योतीतून भरधाव ओढायचा, वरची लव जळून जाते आणि धागा शाबूत राहतो कारण तो ज्योतीत थांबतच नाही. कापडाचंही तसंच, रंगाईच्या आधी त्याची लव जाळून घेतात, नाहीतर रंग मळकट दिसतो. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं तिथे रंगाई विणाई शिकवायचे, त्यामुळे जुन्या बडोदेकरांच्या घरात ह्या गोष्टी माहीत असलेलं एक तरी माणूस असायचंच. रॉडवरचा दोरा साफ करताना आपण हेच करतो, फक्त टेबलावर आणि हळूहळू.

आधी दोरा कुठला घेतला ह्यावर साफसफाईचं अर्धं काम ठरतं. शिलाई मशीनचा साधा पॉलिस्टर दोरा आणि सुती दोरा हे आखूड तंतू पिळून केलेले असतात, त्यांची टोकं बाहेर येणारच, कितीही जाळा, घासलं की पुन्हा नवी येतात. रॉडसाठी मिळणारा नायलॉनचा दोरा किंवा रेशीम हे अखंड तंतूंचे असतात, त्यांच्यावर लव आली तर ती हाताळण्यातून आलेली असते, तिचा बंदोबस्त होतो. बाहेरून मागवलेला दोरा महाग वाटत असेल तर मशीनच्या भरतकामाचा चमकदार पॉलिस्टर दोरा घ्या, तो अखंड तंतूंचा असतो, सुरत जवळ असल्यामुळे आपल्याकडे वाट्टेल त्या रंगात मिळतो, पुष्कळ लोक तोच वापरतात. आणि कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो, उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांची, उरलेली फिरकी ह्या कामाला काढायची नाही. ती दोरी सुती, वर काच आणि खळ पाजलेली, खळीमुळे इपॉक्सी आत शिरत नाही आणि काच ब्लँकला ओरबाडते.

नायलॉनमध्ये ए म्हणजे बारीक आणि डी म्हणजे जाड, तळ्यातल्या हलक्या रॉडला ए पुरतो, समुद्रावरच्या जाड रॉडला डी. जाड दोऱ्यात वेढ्यांमधल्या खाचा खोल असतात म्हणून इपॉक्सी जास्त लागतं पण साफ करायला तो सोपा, बारीक दोऱ्यात फटी पटकन पडतात. साधा नायलॉन इपॉक्सी पिऊन पारदर्शक आणि गडद होतो, पांढरा लावला तर जवळजवळ गायबच होतो आणि खालचा ब्लँक दिसायला लागतो. रेशमाचंही तेच. म्हणजे ह्या दोऱ्यांमध्ये खालची शेपटी, खालची घाण, खालचा पेन्सिलचा मार्क सगळं नंतर वर येतं. रंग जसाच्या तसा हवा असेल तर एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर) दोरा घ्या, तो अपारदर्शक असतो, बरंच झाकून घेतो, नवीन माणसाने त्यानेच सुरुवात करावी असं माझं मत आहे, जरा मंद दिसतो पण चालतं.

वेढ्यांमध्ये फट पडते कुठे? बहुतेक वेळा जिथे दोरा ब्लँकवरून गाइडच्या पायावर चढतो तिथेच. पायाचं टोक कारखान्यातून येतं तेव्हा ठोकळ्यासारखं जाड असतं, दोरा तिथे पायरी चढतो आणि चढताना घसरतो. म्हणून गुंडाळायच्या आधीच बारीक कानशीने ते टोक घासून उतरतं करून घ्यायचं, अगदी पातळ, आणि पायाच्या खालच्या बाजूला बोट फिरवून पाहायचं, तिथे धातूची कड निघालेली असते ती पॉलिश पेपरने काढायची. ही कड राहिली तर वाकताना ती ब्लँकमध्ये रुतते आणि रॉड पुढे तिथेच मोडतो, आणि माणूस म्हणतो ब्लँक खराब होता.

दोऱ्याचा ताण किती ठेवायचा ह्याबद्दल लेखात घट्ट असा एकच शब्द आहे. फार घट्ट नको. कार्बनच्या ब्लँकची टोकाकडची नळी पातळ असते, तिला आवळून दाबलं तर ती तिथे कमजोर होते. ताण एवढाच असावा की गुंडाळून झाल्यावर गाइडला अंगठ्याने रेटलं तर ती थोडीशी सरकावी. कारण सगळ्या गाइड बांधून झाल्या की रॉड बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे बघायचं, कड्या एका ओळीत नसतील तर तेव्हाच सरकवायच्या. आणि हे साफसफाईच्या आधी, नंतर नाही, कारण गाइड सरकली की वेढे पुन्हा उघडतात, बसवलेल्या सगळ्या फटी परत येतात. ह्यात लोक इतक्यांदा घाई करतात की विचारू नका.

ओळ जमली की मग वेढे दाबून बसवायचे. ह्यासाठी बर्निशर म्हणून गुळगुळीत प्लास्टिकची पट्टी मिळते पण चमच्याच्या दांड्याची गोल पाठ किंवा चांगल्या पेनाचं गुळगुळीत टोपणसुद्धा तेच काम करतं, फक्त त्यावर जोड किंवा खरखर नको. आधी दोन्ही टोकांकडून आत असे वेढे एकमेकांकडे ढकलायचे, मग काठी फिरवत फिरवत हलक्या हाताने वरून घासायचं. जो वेढा बाजूच्या वेढ्यावर चढून बसलाय तो खाली उतरतो, जिथे फट आहे तिथे शेजारचे दोन वेढे अर्धे अर्धे सरकून ती भरतात. एखादी फट ऐकत नसेल तर सुईच्या नेढ्याकडचं बोथट टोक घेऊन दुरून एकेक वेढा आणायचा, फटीच्या शेजारच्यालाच ओढलं तर फट फक्त पुढच्या घरात जाते. दाबायचं बेताने. जोर लावला की नायलॉनचे तंतू सुटतात, मग जी लव काढायची तीच आपण तयार करत बसतो.

दिव्याची जागा महत्त्वाची. वरून ट्यूबलाइट असेल तर काही दिसत नाही, टेबल लॅम्प बाजूने आणि खाली ठेवा म्हणजे फटींची सावली पडते, मागे पांढरा कागद धरला की कुसळं दिसतात. चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी घड्याळजीचं भिंग घ्यावं, लाजू नये.

आता शेपट्या. दोरा सुरू करतो तेव्हाची आणि संपवतो तेव्हाची, प्रत्येक बांधणीला दोन. सुरुवातीची शेपटी पहिल्या पाच सहा वेढ्यांखाली दाबली जाते, तिथे कापायची आणि पुढचे वेढे तिच्यावरून न्यायचे म्हणजे कापलेलं टोक आतच राहतं. शेवटाला वेढ्यांखाली आधीच एक दुहेरी दोऱ्याचा फास ठेवतात, मुख्य दोरा कापून त्याचं टोक फासात घालायचं आणि फास ओढला की टोक वेढ्यांखालून बाहेर येतं. बहुतेक जण ते पूर्ण बाहेर काढतात आणि मग पात्याने वरच कापतात, तिथे हमखास खुंट राहतो. त्यापेक्षा हे टोक आधीच आखूड कापून ठेवायचं, एवढं की फास पूर्ण बाहेर येईपर्यंत ते वेढ्यांच्या आत असतानाच निसटेल. बाहेर खुंट नाही आणि पातं लावायची वेळच नाही. हे जमायला थोडा अंदाज लागतो. आणि ही शेपटी ब्लँकच्या उघड्या बाजूला न येता गाइडच्या पायाला लागून जी बारीक पन्हळ राहते तिच्यात गेली तर वर उंचवटाही दिसत नाही.

खुंट राहिलाच तर दाढीचं नवं पातं, अर्धं मोडलेलं, जुनं अजिबात नको. शेपटी चिमट्याने ताणून वर धरायची, पातं वेढ्यांना समांतर ठेवायचं आणि दोऱ्याला नुसतं टेकवायचं, ताणलेला दोरा आपोआप तुटतो आणि टोक आत जातं. करवतीसारखं पुढे मागे केलं तर शेजारचा वेढा कापला जाईल, आणि कापलेला वेढा लगेच सुटत नाही, इपॉक्सी लावताना ब्रशखाली सुटतो.

आणि आता ज्योत, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. सगळं दाबून, कापून झालं तरी भिंगातून बघितलं की बारीक लव राहतेच, ती पात्याने काढायला गेलं तर अजून वाढते. ती जाळायची. ज्योत स्पिरिटच्या दिव्याची घ्या, शाळेच्या लॅबमध्ये असतो तो, कारण स्पिरिटच्या ज्योतीला काजळी नसते. मेणबत्ती आणि समई दोन्ही नको, त्यांची काजळी फिकट दोऱ्यावर बसते आणि पुसली की अजून आत जाते. लायटर चालतो पण निळ्या ज्योतीचा, आणि तोही हात सरावलेला असेल तरच, कारण तो हातात हलतो. दिवा टेबलावर स्थिर ठेवायचा आणि रॉड दोन्ही हातांत धरून ज्योतीच्या बाजूने, ज्योतीच्या आत नाही, भरभर फिरवत न्यायचा, एका जागी थांबायचं नाही. नायलॉन सिक्स साधारण 220 अंशांना वितळतो आणि ज्योत त्याच्या कितीतरी वर असते, लव बारीक म्हणून क्षणात आक्रसून जाते, खालचा वेढा जाड म्हणून वाचतो, सगळा खेळ ह्या वेळेच्या फरकावर आहे. थांबलात की वेढाही आक्रसतो, तिथे चमकदार चट्टा पडतो, वाईट असेल तर दोरा तुटतो. नायलॉनची लव जळून तिचा अगदी बारीक मणी होतो, तो चमच्याच्या पाठीने हलकासा घासला की बसतो. रेशीम वितळत नाही, जळून राख होतं, तिथे मऊ कोरड्या ब्रशने झटकून घ्यायचं.

इथे एक धोक्याची गोष्ट. दोरा अल्कोहोलने किंवा ॲसिटोनने पुसायचा असेल तर तो ज्योतीचं काम संपल्यावर, दिवा विझवून. ओल्या दोऱ्याजवळ ज्योत न्यायची नाही आणि बाटली टेबलावर उघडी ठेवायची नाही. स्पिरिटची ज्योत दिवसाच्या उजेडात नीट दिसतही नाही, त्यामुळे दिवा चालू आहे हेच विसरायला होतं, घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर करा.

जरीसारखा दिसणारा मेटॅलिक दोरा असेल तर त्याला ज्योत जवळपास नकोच, वरचा चकाकणारा पातळ पापुद्रा सुरकुततो, आणि घासायचाही नाही जोरात, पापुद्रा निघून आतला दोरा दिसतो. आपल्याकडे झगमग आवडते म्हणून लोक सगळा रॉड मेटॅलिकने बांधतात, मला विचाराल तर नायलॉनच्या कडेला दोन चार वेढे मेटॅलिकचे पुरेत.

हातांबद्दलही सांगायला हवं, कारण हे कोणी लिहीत नाही. डोक्याला तेल लावून ह्या कामाला बसू नका, हात केसात जातोच. तेलकट बोट, हँड क्रीम, गाडी चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश, ह्यातलं काहीही दोऱ्यावर लागलं की इपॉक्सी तिथे पसरत नाही, गोल गोल खड्डे पडतात आणि दुसरा थर दिला तरी खड्डा तिथेच. साबणाने हात धुवा, कोरडे करा, शेवटी लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदा अलगद पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कापसाचा बोळा वापरू नका, आत्ताच जाळलेली लव पुन्हा चिकटवून घ्याल.

साध्या नायलॉनचा रंग टिकवायला कलर प्रिझर्व्हर लावणार असाल तर साफसफाई त्याच्याही आधी. तो लागला की दोरा जागच्या जागी चिकटतो, मग एकही वेढा सरकत नाही.

आता कोणी म्हणेल की हे सगळं दिसण्यापुरतं आहे, माशाला काय फरक पडतो. प्रश्न खोटा नाही. आमच्या ओळखीचा एक कॉलेजातला मुलगा असाच वाद घालतो, त्याच्या रॉडवर काटेच काटे आहेत आणि तळ्यावर रोहू, कटला त्यालाच जास्त लागतात. वेढ्यांमधली एखादी बारीक फट रॉड मोडत नाही हे मी मान्यच करतो, बांधणीच्या मधोमध असेल आणि इपॉक्सीने भरली असेल तर सोडून द्या, उगाच जीव जाळू नका. पण तीन गोष्टी सोडू नका. एक म्हणजे थराच्या बाहेर आलेलं कुसळ, ते घासून तुटलं की तिथून पाणी दोऱ्याच्या आत वातीसारखं चढतं आणि थर आतून पांढरट होत जातो. दुसरं, कापला गेलेला वेढा, तो दिसला तर ती बांधणी सोडून परत करा, वाद नको. तिसरं गाइडच्या पायालगतची पन्हळ, वर म्हटली ती. ती पहिल्या थरात भरली नाही तर आतली हवा ओल्या इपॉक्सीतून बुडबुडा होऊन बाहेर येत राहते, आणि न भरताच सुकली तर आत पाणी साठून गाइडच्या पायाला गंज धरतो. म्हणून पन्हळीच्या तोंडाशी लव, खुंट, धूळ काही नको, तोंड मोकळं असेल तर पातळ पहिला थर आपोआप आत ओढला जातो.

जुन्या लोकांना ह्या दोऱ्याची किंमत जास्त कळत होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या सहा पट्ट्या जोडून रॉड करायला लागले, पेन्सिल्व्हेनियात ईस्टन गावात सॅम्युअल फिलिप नावाचा बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर होता त्याचं नाव ह्यात पहिल्यांदा घेतात. तो बांबू जायचा हिंदुस्थानातून, कलकत्ता केन म्हणायचे त्याला, चीनचा टोंकिन बांबू नंतर आला. तेव्हाचे सरस आजच्या गोंदासारखे भरवशाचे नव्हते, पाणी लागलं की सुटायचे, म्हणून त्या रॉडवर गाइड नसलेल्या जागीसुद्धा थोड्या थोड्या अंतरावर रेशमाच्या बांधण्या असायच्या, वर व्हार्निशचे पातळ पातळ अनेक हात. अशा एकेका रॉडवर किती बांधण्या साफ करायच्या असतील ह्याची कल्पना करा, आणि आपण सात आठ गाइडना कंटाळतो.

इपॉक्सीबद्दल लेखात ठीक लिहिलंय, फक्त बडोद्याची हवा धरून थोडं. मे महिन्यात दुपारी मिसळलं तर ब्रश हातात असतानाच घट्ट व्हायला लागतं, म्हणून सकाळी लवकर करा. मिसळून झालं की वाटीत न ठेवता ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरवा, आतली उष्णता निघून जाते आणि बुडबुडेही फुटतात. पावसाळ्यात दमट हवेत थर ढगाळ होतो, तेव्हा शक्यतो थांबाच. मला विचाराल तर दिवाळीनंतर उत्तरायणापर्यंतचे दिवस सगळ्यात बरे, इपॉक्सी जरा जाड वाटलं तर बाटल्या कोमट पाण्यात थोड्या वेळ ठेवायच्या. रॉड फिरवायला मायक्रोवेव्हची प्लेट फिरवणारी मोटर चालते, मिनिटाला पाच सहा फेरे होतात, दुरुस्तीवाल्याकडे जुनी मिळते, फक्त तिच्यावर व्होल्ट वाचून घ्या, सगळ्या 230 च्या नसतात.

काम झाल्यावर जे दोऱ्याचे तुकडे उरतात ते केरात सुटे टाकू नका, कागदात गुंडाळून टाका. नायलॉन कुजत नाही. हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली ती पक्ष्यांच्या आणि माणसांच्या गळ्यामुळे, आणि तळ्याकाठी तुटलेली लाइन टाकून जाणारे आपलेच भाऊबंद असतात. तळ्यावर बसायची परवानगीही आधी विचारा, बरीच तळी ठेक्यावर असतात. आणि नवीन उत्साही मंडळींनी रॉड तपासायला विश्वामित्रीवर जाऊ नये, तिथे मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको, 2024 च्या ऑगस्टच्या पुरात त्या सोसायट्यांत आल्या होत्या, पण लेख बाहेरगावचेही वाचतात.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली छापलंय. त्यात साफसफाईचा हा टप्पा चार ओळींत तरी यावा अशी लेखक महाशयांना माझी विनंती पोचवा. आणि तो ओल्या इपॉक्सीचा रॉड भिंतीला उभा टेकवून ठेवलेला फोटो पुन्हा वापरू नका, उभा ठेवला की सगळं खालच्या कडेला ओघळून थेंब धरतो, तो आडवा ठेवून निदान चार पाच तास फिरवत ठेवावा लागतो.

आपला,
एक नियमित वाचक,
दांडियाबाजार, बडोदा